टेप की ड्राइव्ह? ध्वनिसंग्रह पडताळणीच्या नोंदी, जून ते ऑगस्ट २०२४

१० जून, सोमवार (रत्नागिरी)

आपल्या ध्वनिसंग्रहाच्या प्रती एलटीओ टेपवर असतात, म्हणजे संगणकाचा डेटा साठवायच्या चुंबकीय फितीवर, आणि त्या लिहिणारे-वाचणारे ड्राइव्ह दोन: वरचा आणि खालचा. वर्षातून एकदा प्रत्येक टेप या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचायची आणि चेकसम (फाइल बदललेली नाही ना ते दाखवणारे आकडे) जुळवायचे, हा आपला नेम. यंदा ४१ नंबरच्या टेपपाशी अडलो. २१२व्या फाइलवर वाचन तुटलं. कर्नलच्या, म्हणजे संगणकाच्या मूळ प्रणालीच्या, लॉगमध्ये 'मीडियम एरर', त्याखाली 'अनरिकव्हर्ड रीड एरर', आणि खालच्या ड्राइव्हच्या इवल्याशा काचेवर ६ चा आकडा.

४१ वर कीर्तनं आहेत. १९८० नंतरच्या पंधरा-वीस वर्षांत गावोगावच्या उत्सवांत लोकांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर भरलेल्या कॅसेट आपण दारोदार जाऊन मागून आणल्या, डिजिटल केल्या आणि परत दिल्या. त्यातल्या बऱ्याच आता वाजत नाहीत, काही घरांत उरल्याही नाहीत. शिल्लक आहे ती ही ४१ आणि तिची जोडीची १४१, जी बँकेच्या लॉकरमध्ये आहे.

६ चा अर्थ या ड्राइव्हच्या पुस्तिकेत 'ड्राइव्ह किंवा टेप' असा दिलाय. ७ आला असता तर 'बहुधा टेप'. म्हणजे ड्राइव्हलाही ठाऊक नाही. 'मीडियम एरर' हे शब्द वाचून टेप खराब ठरवायची घाई होते, पण ती ड्राइव्हची तक्रार आहे, निकाल नव्हे. हेड (ड्राइव्हचा टेपवर लिहिणारा-वाचणारा भाग) मळलेलं असलं तरी तक्रार हीच येते.

पुन्हा एकदा लावून पाहायचा मोह झाला, आवरला. खराब टेप चांगल्या ड्राइव्हचं हेड मळवते आणि मळलेला ड्राइव्ह पुढची चांगली टेप ओरबाडतो. गोठ्यात एक जनावर आजारी पडलं की आधी ते वेगळं बांधतात, तसं केलं. ४१ ला लाल स्टिकर लावून ती वेगळ्या डब्यात ठेवली, खालचा ड्राइव्ह वेळापत्रकातून काढला. ४१ ची लेखनबंदीची खिट्टीही सरकवली. चुकून कुठल्या आज्ञेनं टेपच्या सुरुवातीला चार अक्षरं जरी लिहिली गेली, तरी तिथेच 'इथे मजकूर संपला' अशी खूण पडते आणि पुढचं सगळं जागेवर असूनही हाती लागत नाही.

११ जून, मंगळवार

टेपअलर्टचं, म्हणजे ड्राइव्ह स्वतः देतो त्या इशाऱ्यांचं, पान पाहिलं. ड्राइव्हकडे असे ६४ बावटे असतात आणि ते २ई क्रमांकाच्या लॉग पानावर दिसतात, 'एसजी_लॉग्स' या आज्ञेनं काढता येतात. तीन वर होते: ४ (टेपबद्दल तक्रार), ५ (वाचन फसलं) आणि २० (आता साफ करा).

पुढच्या माणसासाठी: आपल्या ड्राइव्हवर हे पान एकदा वाचलं की बावटे खाली येतात. बॅकअपच्या स्क्रिप्टनं आधीच विचारून घेतलं असेल तर आपल्याला पान कोरं दिसतं आणि वाटतं सगळं ठीक. आजपासून स्क्रिप्ट प्रत्येक वेळी ते पान तारखेसह फाइलमध्ये उतरवून ठेवेल.

२० चा बावटा आजचाच की जुना? मागचे बिघाड-लॉग चाळले. फेब्रुवारीपासून तो अधूनमधून येतोय. आणि प्रत्येक वेळी क्लीनिंग टेप (हेड साफ करणारी खास टेप) घातल्याची नोंदही आहे. मग मळ राहिला कसा?

१३ जून, गुरुवार

उत्तर मिळालं, आणि वाईट वाटलं. क्लीनिंग टेप ५० वेळा वापरायची असते, मोजदाद तिच्याच चिपमध्ये राहते. आपली जानेवारीतच संपली होती. त्यानंतर दर वेळी ड्राइव्हनं ती आत घेतली, २२ चा बावटा वर केला (क्लीनिंग टेप संपली) आणि साफसफाई न करता बाहेर दिली. टेप-लायब्ररीच्या, म्हणजे टेप आत-बाहेर करणाऱ्या यंत्राच्या, नोंदीत 'घातली, काढली' एवढंच दिसतं. पाच महिने आपण ड्राइव्ह साफ होतोय असं धरून चाललो होतो.

नवी मागवली. टेपवरच पहिल्या वापराची तारीख लिहिणार, आणि २२ चा बावटा आला की स्क्रिप्ट थेट मेल करेल. मात्र याचा अर्थ रोज उठून साफ करा असा नाही. क्लीनिंग टेप हेड घासतेच. ड्राइव्ह मागेल तेव्हाच द्यायची.

१८ जून, मंगळवार

नवी क्लीनिंग टेप आली. खालचा ड्राइव्ह साफ केला. मग चार खणांची सोपी चाचणी, पण संग्रहातली एकही टेप न वापरता. दोन कोऱ्या टेप घेतल्या. एक वरच्यात भरली, एक खालच्यात, प्रत्येकी १०० जीबी. मग दोन्ही दोन्हीकडे वाचल्या.

वरच्यानं भरलेली दोन्हीकडे वाचली गेली. खालच्यानं भरलेली खालच्यात वाचली गेली, पण वरच्यात अडखळत. डेटा आला, मात्र ३ क्रमांकाच्या लॉग पानावर (वाचतानाच्या चुका) दुरुस्त केलेल्या चुकांचा आकडा वरच्यानं भरलेल्या टेपच्या कित्येक पट. लिहितानाच्या चुकांचं पान २ क्रमांकाचं, तिथेही तेच चित्र.

हा आकडा येतो कसा ते लिहून ठेवतो. एलटीओमध्ये लिहिणाऱ्या हेडच्या लगेच मागे वाचणारं हेड असतं. लिहिलेलं त्याच क्षणी वाचून पाहिलं जातं, बरोबर नसलं तर तोच तुकडा पुढे पुन्हा लिहिला जातो. त्यामुळे ड्राइव्ह बराच बिघडला तरी बॅकअप 'यशस्वी' म्हणूनच संपतो. खालचा ड्राइव्ह साफ होऊनही बरा झालेला नाही. मळ होता तो निघाला, पण हेडला जे व्हायचं ते होऊन गेलंय असं आता म्हणावं लागेल.

ड्राइव्ह सर्व्हरला जोडणारी एसएएस केबल बदलून पाहिली, काही फरक नाही. केबलचं दुखणं असतं तर 'अबॉर्टेड कमांड' किंवा ३२ चा बावटा दिसला असता. फर्मवेअर (ड्राइव्हच्या आतलं सॉफ्टवेअर) दोन्हींचं एकच आहे.

२० जून, गुरुवार

काल रात्री अंथरुणावर एक गोष्ट सुचली. चुकलेला तुकडा पुन्हा लिहिला जात असेल तर तो टेपवर जागा खाणारच. मग खालच्या ड्राइव्हनं भरलेल्या टेप लवकर भरायला हव्यात.

सकाळी जुने लॉग काढले. आपल्या फाइली फ्लॅकमध्ये, म्हणजे आधीच दाबलेल्या, आणि ड्राइव्हचं कॉम्प्रेशन बंद असतं. त्यामुळे एलटीओ-६ ची टेप २.५ टीबीच्या जवळपास भरली पाहिजे. डिसेंबरपर्यंत दोन्ही ड्राइव्हवर तशीच भरत होती. जानेवारीपासून वरच्याची तशीच राहिली, खालच्याची मात्र २.४, मग २.३, आणि मे महिन्यातली शेवटची २.१ टीबीला 'टेप संपली' म्हणून थांबलेली.

हे आकडे सहा महिने आपल्याच सर्व्हरवर पडून होते. एकही बावटा वर नव्हता तेव्हाही टेप सांगत होती. यापुढे प्रत्येक टेप किती भरली हा रकाना वहीत सर्वांत आधी.

२४ जून, सोमवार

प्रत्येक एलटीओ कार्ट्रिजमध्ये एक चिप असते, एलटीओ-६ मध्ये १६ केबीची, आणि ड्राइव्ह ती स्पर्श न करता वाचतो. ती किती वेळा लावली, आयुष्यभरात किती लिहिलं-वाचलं, आणि शेवटच्या चार वेळा कुठल्या ड्राइव्हमध्ये गेली त्याचे अनुक्रमांक, हे सगळं तिच्यात सापडतं. 'एसजी_रीड_ॲट्र' या आज्ञेनं निघतं. माणसाच्या आधी टेपलाच विचारावं, तिला सगळं आठवत असतं.

वरच्या ड्राइव्हमध्ये एकेक टेप घालून फक्त चिप वाचली, टेप पुढे सरकवली नाही. लाल स्टिकरवाल्या डब्याला हात लावला नाही. जानेवारीनंतर खालच्या ड्राइव्हनं लिहिलेल्या ११ टेप निघाल्या, ४१ धरून. ४१ भरली होती फेब्रुवारीत.

वहीत १४१ पाहिली. तीही फेब्रुवारीत, त्याच आठवड्यात, त्याच ड्राइव्हवर.

दोन प्रती केल्या, दोन इमारतींत ठेवल्या, पण लिहिणारा हात एकच होता.

२६ जून, बुधवार

आज दिवसभर २९ नंबरवर बसलो. जानेवारीच्या पडताळणीत ती खालच्या ड्राइव्हमध्ये अडखळली होती. तेव्हा दुसऱ्या प्रतीवरून काम भागलं आणि आपण ती बाजूला ठेवून विसरलो. सुदैवानं त्या दिवशीचे चुकांचे ठोकळा-क्रमांक (टेपवर डेटा ठोकळ्यांत, म्हणजे क्रमानं मोजलेल्या तुकड्यांत, असतो) लॉगमध्ये आहेत, म्हणजे टेप लावायची गरजच नाही.

क्रमांकांचे जीबी केले. पहिली चूक सुमारे १८७९ जीबीवर. त्याआधी एकही नाही. पुढची साधारण २७-२८ जीबीनंतर, मग ९ जीबीनंतर, पुन्हा २७-२८, पुन्हा ९. असंच शेवटपर्यंत.

कागदावर पट्टी काढली तेव्हा उलगडलं. एलटीओ-६ ची टेप ८४६ मीटर लांब, अर्धा इंच रुंद. ड्राइव्ह एकदा जाताना लिहितो, टोकाला पोचला की येताना लिहितो, शेतात नांगर फिरतो तसा. अशा १३६ फेऱ्यांत टेप भरते. २.५ टीबी भागिले १३६, म्हणजे एका फेरीत साधारण १८.४ जीबी, जाऊन-येऊन ३६.८. आणि २७.६ अधिक ९.२ बरोबर ३६.८! म्हणजे दर फेरीला टेपची तीच एक जागा हेडखाली येते आणि तिथेच वाचन फसतं. जाताना सुरुवातीपासून पाव अंतरावर, येताना शेवटापासून पाऊण अंतरावर. मीटरमध्ये मोजलं तर २१० च्या आसपास.

आणि १८७५ जीबीपर्यंत एकही चूक का नाही? टेपच्या रुंदीत चार पट्टे असतात. आधी मधले दोन भरतात, कडेचे दोन नंतर. १८७५ जीबी म्हणजे नेमका तिसरा पट्टा संपून चौथा सुरू होतो ती जागा. इजा फक्त एका कडेला आहे.

२९ चं कार्ट्रिज उजेडात धरून हलक्या हातानं दार उघडलं. गुंडाळी एकसारखी सपाट दिसायला हवी. हिच्यात दोन-तीन वेढे कडेला वर आलेले आहेत. डिसेंबरात कपाटं हलवताना टेपचा एक खोका पडला होता, ते आमच्या कार्यालयातल्या काकांना आजही आठवतं. वरून कार्ट्रिजला ओरखडाही नाही. टेप पडली की बाहेरून काही दिसत नाही, म्हणून पडलेली टेप लगेच दुसरीवर उतरवून घ्यायची आणि ती पुन्हा वापरायची नाही, हा नियम आज भिंतीवर लावला.

आता दोन्ही धागे जुळतात. वर आलेली कड जानेवारीत खालच्या ड्राइव्हमधून शेवटपर्यंत ओढली गेली, झडलेलं हेडवर बसलं, क्लीनिंग टेप संपलेली, आणि त्याच हेडनं पुढचे पाच महिने लेखन केलं. २९ ची चूक टेपची आहे, कारण ती ठराविक अंतरानं येते. ४१ च्या चुका कशा आहेत ते पाहायचंय. विखुरलेल्या असतील तर त्या लेखनाच्या.

२ जुलै, मंगळवार

चार दिवस पावसाला खळ नाही. सकाळी सात वाजता सर्व्हरच्या खोलीत आर्द्रता ७९ टक्के. रात्री एसी बंद ठेवायचा हा वीजबिलासाठी घेतलेला निर्णय. टेप दीर्घकाळ ठेवायच्या तर १६ ते २५ अंश आणि २० ते ५० टक्के आर्द्रता हवी. ड्राइव्ह ८० टक्क्यांपर्यंत चालतो म्हणून टेपही तिथे सुखात आहे असं नाही. ग्रंथपाल बाईंनी स्वतः अर्ज लिहिला: एसी रात्रंदिवस, आणि डीह्युमिडिफायर. मी खाली आकडे जोडले.

लॉकरमधून १४१ आणली. प्लास्टिकचा बंद डबा, वर दोन पिशव्या. २४ तास तशीच खोलीत ठेवली. बाहेरच्या दमट हवेतून आणलेली टेप लगेच ड्राइव्हमध्ये घालायची नाही.

९ जुलै, मंगळवार

संचालक सरांनी विचारलं की एवढा त्रास आहे तर टेप बंदच का करू नये, सगळं क्लाउडवर ठेवू. प्रश्न रास्त आहे आणि एक प्रत तिथे जावी असं मलाही वाटतं. पण टेप काढून टाकायला मी तयार नाही. २०११ च्या फेब्रुवारीत एका सॉफ्टवेअर बदलातल्या दोषानं जीमेलच्या काही खात्यांतली पत्रं गायब झाली, वेगवेगळ्या डेटा सेंटरमधल्या प्रतींसकट. ती परत आली टेपवरून, कारण टेप त्या यंत्रणेला जोडलेलीच नव्हती. कपाटातल्या टेपपर्यंत चुकीची आज्ञा पोचत नाही. सरांना पटलं. त्यांनी क्लाउडसाठी वेगळा प्रस्ताव मागितलाय.

१५ जुलै, सोमवार

देखभालीचा करार असलेल्या कंपनीचे इंजिनियर आले. पहिलं वाक्य, 'साहेब, टेप जुन्या झाल्यात, बदला.' मी वाद घातला नाही. टेप किती भरली त्याचा तक्ता आणि चार खणांच्या चाचणीचे आकडे पुढे ठेवले. कोऱ्या टेपवरही खालचा ड्राइव्ह चुकतो म्हटल्यावर 'जुन्या टेप' हे कारण उरत नाही. त्यांनी स्वतःची टेप घालून तीच चाचणी केली, तोच निकाल. ड्राइव्ह बदलून मिळेल. त्यांनी नीट ऐकून घेतलं, आणि जाताना तक्त्याचा फोटोही घेतला.

१८ जुलै, गुरुवार

काल आषाढीची सुट्टी. आज ४१ वरच्या, धडधाकट ड्राइव्हमध्ये. त्याआधी वरच्याच्या चुकांचे आकडे टिपून ठेवले, म्हणजे ४१ नं त्याला काही केलं तर लगेच कळेल.

टेप भरताना घेतलेला एक निर्णय आज कामी आला. प्रत्येक कीर्तनाची स्वतंत्र टार (एकत्र बांधलेली फाइल) करून मध्ये फाइलमार्क (फाइल संपल्याची खूण) ठेवला होता. सबंध टेपची एकच टार असती तर २१२ नंतरचं सगळं अवघड होतं. आता 'एमटी' या आज्ञेनं पुढच्या फाइलमार्कवर उडी मारायची आणि पुढचं वाचायचं. मागे-पुढे न करता एकाच फेरीत जेवढं येईल तेवढं आधी उतरवायचं, अवघड जागा शेवटी. आज्ञेत ड्राइव्हचं रिवाइंड न होणारं नावच वापरायचं, एनएसटी0. घाईत एसटी0 लिहिलं की प्रत्येक आज्ञेनंतर टेप सुरुवातीला जाते आणि दुखरी जागा विनाकारण पुन्हा पुन्हा घासली जाते.

रात्री साडेआठपर्यंत: ७ फाइली गेल्या, बाकी सर्व आल्या, चेकसमसकट. चुकांच्या जागा २९ च्या रीतीनं कागदावर मांडल्या. कुठलंही ठराविक अंतर नाही, चारी पट्ट्यांत विखुरलेल्या. लेखनाच्याच.

१९ जुलै, शुक्रवार

१४१. हिच्यात ५ फाइली गेल्या. यादी शेजारी ठेवली. हात थरथरत होते हे खरंय. सहा कीर्तनं ४१ मधून गेली ती १४१ मध्ये सापडली, चार उलटी. दोन्हींत गेलेली एकच, २१२.

वरच्या ड्राइव्हच्या चुका वाढलेल्या नाहीत.

२ ऑगस्ट, शुक्रवार

नवा ड्राइव्ह बसला. ११ टेप वरच्यात वाचून नव्या टेपवर उतरवणं सुरू. आता पहिली प्रत एका ड्राइव्हवर, दुसरी दुसऱ्यावर, आणि प्रत्येकीची पडताळणी ज्याच्यावर लिहिली नाही त्या ड्राइव्हवर.

डिस्क मागे पडून टेप सारखी थांबत-मागे येत-पुन्हा धावत होती. आधी एसएसडीवर फाइली जमवून मग 'एमबफर' या मध्ये साठा करून सलग पुढे देणाऱ्या प्रोग्राममधून सोडल्या. आवाजच बदलला. आता एकसुरी घरघर.

२१२ साठी वेगळं हेड हवं. एका संस्थेनं आपुलकीनं एलटीओ-८ ड्राइव्ह देऊ केला, पण तो उपयोगाचा नाही. सातव्या पिढीपर्यंत ड्राइव्ह दोन पिढ्या मागचं वाचत, आठवा मागचं फक्त सातवीचं वाचतो. आपल्याला एलटीओ-७ हवा. पुण्यात एके ठिकाणी आहे.

१२ ऑगस्ट, सोमवार (पुणे)

रात्रीच्या एसटीनं आलो, डबा मांडीवर. टेप त्यांच्या खोलीत २४ तास ठेवली, मगच लावली. तिथल्या ताईंनी आधी विचारलं, 'तुमच्या टेपनं आमचं हेड मळणार नाही ना?' अगदी योग्य प्रश्न. चुकांचे आकडे दाखवले, ४१ आणि १४१ ची गुंडाळी दाखवली, मग त्यांनी परवानगी दिली.

४१ वरची २१२ तिथेही तुटली, पण आपल्यापेक्षा बरंच पुढे जाऊन. १४१ वर ती वेगळ्या जागी तुटली. 'डीडी' या आज्ञेनं ठोकळा-ठोकळा वाचला, तुटलेल्या ठोकळ्याच्या पलीकडे 'एमटी'नं उडी मारून पुढचं घेतलं. दोन्हींतलं आलेलं एकत्र केलं. एक छोटी फट दोन्हींत सारखीच राहिली.

२१ ऑगस्ट, बुधवार

फ्लॅकमध्ये प्रत्येक छोट्या चौकटीला स्वतःचा तपासणी-आकडा असतो, त्यामुळे नेमकं कुठलं गेलं ते कळतं. ११ सेकंद. बाकी कीर्तन पूर्ण आहे.

बाईंनी आज ते हेडफोन लावून सबंध ऐकलं, दोन तास. फट पूर्वरंगात येते, अभंगाचं दुसरं चरण सुरू होता होता. आवाज जातो आणि येतो तेव्हा मागे टाळ चालूच असतात. शांतता तशीच ठेवायची, जोडून लपवायचं नाही, असं ठरलं. त्यांनी नोंदवहीत शाईनं लिहिलं: 'कीर्तन २१२, ००:४१:१२ ते ००:४१:२३, ध्वनी नाही.'

ज्या घरून ती कॅसेट आली होती त्यांना फोन केला. कॅसेट माळ्यावर असेल म्हणाले. गणपतीला सगळी माणसं घरी येतात तेव्हा शोधून ठेवतील. ११ सप्टेंबरनंतर जायचं. सोबत कॅसेट डेक आणि नवा प्रेशर पॅड (कॅसेटमधली टेप हेडवर दाबून धरणारी छोटी गादी) घेणे.

११ पैकी ८ टेप उतरल्या. खोलीत आज सकाळी ४६ टक्के.